मिरच्यांचा ठसका

कॅनडातल्या नव्या घरात एकटी राहायला गेल्यापासून अर्पिता वाळत चालली होती. इकडं घनसावंगीत तिच्या आईला, कडूबाईंना, ते व्हिडिओ कॉलवर बघवेना.

"हालू नको, माय," म्हणत त्यांनी फोनवरून मीठ-मिरच्या ओवाळल्या अन् चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकल्या.

मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या. पण ना वास, ना ठसका.

"बिलकुल वास न्हाई! लई जबर दिष्ट लागल्ती, पोरी."

तोच तिकडं अर्पिता खोकायला लागली. छतावरचा धुराचा अलार्म किंचाळला.

"आई, इथं गॅस बंद हाय, अन् घरभर मिरच्यांचा ठसका उठलाय!"

"उठू दे. निघाली म्हणायची पीडा," कडूबाई मायेनं हसल्या.

अर्पितानं स्वेटरच्या बाहीनं तोंड दाबलं. हळूहळू तिचा खोकला थांबला.

तिच्या मागच्या रिकाम्या खोलीतून येणारा खोकला मात्र थांबेना.