म्हातारीचं बोलणं

पडद्यावरच्या म्हातारीचे ओठ जेमतेम दोनदा हलले आणि मिटले.

ही अमेरिकन मालिका रोज दुपारी लागायची. भला मोठा बंगला, श्रीमंत मुलं-सुना आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारी ही म्हातारी. लोह्याच्या केवळाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून बी.एस्सी. झालेली सून सिंधू शेजारी बसून मराठीत सांगायची.

"काय म्हनली गं?"

हिंगोली नवा जिल्हा झाला होता आणि तिथल्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत सिंधूला नोकरी लागली होती. सोमवारी हजर झालं नाही तर जागा जाणार होती. नवरा आईपुढे तोंड उघडत नव्हता, आणि सासूबाई महिनाभर नुसतं "बघू" म्हणत होत्या.

"ती म्हणाली," सिंधू पडद्यावरची नजर न काढता बोलली, "सुनेला नोकरीला जाऊ द्या. औंदा पाऊस नाही, विहीर आटली. तिच्या पगारावर घर तगेल. लेकरांना मी सांभाळते."

केवळाबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"तिच्या बंगल्यातली बी विहीर आटली व्हय?"

सिंधूची मान खाली गेली. "चुकलं, आत्याबाई."

केवळाबाईंनी पडद्यावरच्या त्या मुक्या म्हातारीकडे बोट दाखवलं.

"आता माझं बी तिला विंग्रजीत सांग. म्हनावं, माझी सून सोमवारी हिंगोलीला चालली."