पहिली प्रत

"पहिली प्रत," आयनार म्हणाला आणि सुकवलेला कॉड मासा त्याने नाकापासून दूर केला.

मासे रचणाऱ्या मारितचा हात थबकला. "परत हुंगा जरा."

"तीस वर्षं हुंगून प्रत ठरवतोय मी. आता तू शिकवणार?"

"मी कसली शिकवतेय? पण हा कुजलाय."

इटलीहून नॉर्वेला मासा घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याने रुमाल नाकाला लावला.

आयनारने मासा पुन्हा नाकाशी नेऊन खोल श्वास घेतला. महिन्यापूर्वी ताप आल्यापासून जात होती तशी नुसती थंड हवा आत गेली. इतके दिवस तो रंग बघून, पाठ दाबून निभावत होता.

तो टेबलाला वळसा घालून मारितच्या जागी आला.

"मला वास येत नाही," तो मोठ्याने म्हणाला. "तू हुंग. मी रचतो."