मोकळी हवा

"जंतू नेमका कुठला, ते सापडलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साध्या गोळ्यांना तुमचा क्षय दाद देईना, म्हणून थुंकीतल्या जंतूचा डीएनए अथपासून इतिपर्यंत वाचून घेतला. कुठली औषधं त्याच्यावर चालत नाहीत ते कळलं. आजपासून दुसरी सुरू करू. बरे व्हाल, काका."

काकांनी मास्कआडून मान हलवली. बायकोचा जीव भांड्यात पडला. खोकला सुरू झाल्यापासून तिने डोळ्यांत तेल घालून या माणसाचं केलं होतं.

"आणखी एक. हाच जंतू आमच्या दुसऱ्या एका पेशंटमध्ये आहे. अक्षर न् अक्षर तोच, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे गेलेला. तुमचं कुठे जाणं-येणं असतं?"

"आमचं कसलं आलंय जाणं-येणं," काका म्हणाले. "घर आणि ऑफिस."

"असं काय करता? रोज संध्याकाळी फिरायला जाता ना?" बायको डॉक्टरांकडे वळली. नणंदेला ज्या कौतुकाने ऐकवायची त्याच सुरात तिने सांगितलं, "तळ्याकाठी जातात. ऊन असो, पाऊस असो, एक दिवस चुकत नाहीत. तिथेच लागला असेल कुणाचा तरी."

"मोकळ्या हवेत सहसा लागत नाही, काकू. बंद खोलीत, जवळ बसून, तासन् तास घालवावे लागतात. तेही एखाद दिवस नाही, बरेच दिवस. ऑफिसातले सगळे तर तपासून झाले, तिथे कुणाला नाही."

काका पायावर पाय टाकून बसले होते. वरच्या बुटाचा तळ बायकोच्या अगदी समोर आला होता. फिरायला जाणाऱ्या माणसाला हवेत म्हणून मागच्या वर्षी तिनेच हौसेने आणलेले बूट. तळाची नक्षी अजून कोरी करकरीत होती. बूट टिकाऊ निघाले म्हणून परवाच तिने त्या दुकानदाराची तारीफ केली होती.

"तो दुसरा पेशंट कोण?" तिने विचारलं.

"नाव नाही सांगता येत आम्हाला."

"नाव नको. बाई आहे की पुरुष, तेवढं सांगा."

डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. काकांना खोकल्याची उबळ आली, ती गरजेपेक्षा जरा जास्तच टिकली.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कोण असेल ती? उबळ आली की यांच्या पाठीवरून हात फिरवत असेल का? खिडकी तरी उघडत असेल की नाही मेली? घरात तर या माणसाला खिडकी लावली की गुदमरायला होतं. म्हणून तर कित्येक वर्षं बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली एकटे झोपतात. तिनेच रोज तिथे गादी घालून दिली होती, वारा लागेल म्हणून वर जाड पांघरूणही.

"तुमचे रिपोर्ट मात्र स्वच्छ आहेत हं, काकू," वातावरण जरा हलकं करावं म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त, छातीचा फोटो, सगळं. खरं तर आधी घरच्यांनाच लागतो. तुमच्यात मागमूसही नाही. नशीबवान आहात."

नशीबवान बाईची नजर परत त्या बुटाच्या तळावर गेली. काकांनी वरचा पाय हळूच खाली घेतला.

"पुन्हा एकदा तपासता का?" शेवटी तिने विचारलं.

"घाबरू नका, काकू. खरंच काही नाहीये तुम्हाला."

"घाबरत नाही हो," ती म्हणाली. "इतकी वर्षं एका घरात राहतो आम्ही. थोडासा तरी लागला असेल ना मला?"