माशांची पेटी

"चावी फिरवायचा अवकाश, बोट पाखरासारखी उडेल," असं म्हणून कप्ताननं चावी फिरवली. नवं इंजिन घुर्र घुर्र करत राहिलं. सुरू काही झालं नाही.

धक्क्यावर उभ्या असलेल्या आईनं नारिंगी जॅकेटचा पट्टा पुन्हा घट्ट केला. नवरा गेल्यापासून तिनं या बोटीत पाय ठेवला नव्हता. "ज्या इंजिननं बाबांना मारलं, ते उपटून टाकतो, मगच तुला बसवतो," असं कप्ताननंच तिला सांगितलं होतं. कप्तान म्हणजे तिचा मुलगा. हे नाव बाबांनी चेष्टेनं ठेवलं होतं. बाबा गेले, नाव राहिलं.

उपटणं काही सोपं नव्हतं. बाबांनी आधी इंजिन बसवलं होतं आणि मग त्याच्याभोवती केबिन बांधली होती. ते काढायला आधी केबिनची भिंत कापली, मग छत कापलं, मग लक्षात आलं की भिंत कापायची गरज नव्हती. इंजिन उचलता उचलता क्रेननं धक्क्यावरचा, बोट बांधायचा खुंटा मोडला. तेव्हा मामांनी बोटीचा दोर धक्क्यावरच्या सगळ्यात जड वस्तूला बांधून टाकला. नवं इंजिन निम्म्या वजनाचं निघालं. बोट मागून हलकी झाली आणि पाण्यात नाक खुपसून उभी राहिली. म्हणून मागे वाळूची पोती रचली. तीही पुरली नाहीत, तेव्हा मामांना माशांच्या पेटीवर बसवलं.

"ताई, बघ गं, शेवटी माझा कुठंतरी उपयोग झाला," मामा तिथून ओरडले.

जुनं इंजिन धक्क्याच्या टोकाला, चाकांच्या गाडीवर, ताडपत्रीखाली होतं. कप्तान तिकडं पाहायचं टाळायचा. वारा नसतानाही ताडपत्री हलते, असं त्याचं म्हणणं. उंदीर असेल, असं मामांचं म्हणणं. मिस्त्रीनं सुरुवातीलाच सुचवलं होतं, "एकदा चालू करून बघू. का बंद पडलं ते तरी कळेल."

"खुन्याची तब्येत काय विचारायची?" कप्तान म्हणाला होता.

बाबा गेले त्या दिवशी बोटीवर दोघंच होते. बापलेकांची वाटणी जुनी होती. सुकाणू तुझं, बाकी सगळं माझं, हात लावायचा नाही, असं बाबा म्हणायचे. मोठा मासा लागला. बाबांनी तो दमवून दमवून वर घेतला, इंजिन बंद करायला सांगितलं, नेहमीसारखी मागे जाऊन काहीतरी खुडबुड केली आणि खुर्चीत येऊन बसले ते छाती धरूनच. कप्ताननं चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. बॅटरी संपेपर्यंत तो चावी फिरवत राहिला. बाबांच्या तोंडून शब्द फुटेना. ते नुसते मागच्या माशांच्या पेटीकडे हात करत होते. कप्ताननं मासा उचलून पेटीत ठेवला. बाबांनी मान हलवली, पुन्हा हात केला. कप्ताननं माशावर बर्फ टाकला.

भेटायला आलेल्या सगळ्यांना तो हे सांगायचा. "शेवटपर्यंत माशाचीच काळजी!" असं म्हणून लोक रडता रडता हसायचे. कप्तानही हसायचा. मग झोपायला जायचा आणि त्याला ते खोकणं ऐकू यायचं. दोनदा.

"टाकीत डिझेल आहे ना?" मिस्त्रीनं नव्या इंजिनाचा हातपंप दाबत विचारलं.

"काठोकाठ."

"मग येत का नाही? वाटेत कुठं गप्पा मारत बसलंय का?"

तो नळी धरून ओणवा मागे सरकत गेला. नळी पोत्यांखाली शिरली. पोती हलवली. ती पुढे मामांच्या खाली शिरली.

"मामा, उठा."

"मी उठलो तर बोट बुडेल हो."

"उठा तर."

मामा उठले. बोटीनं नाक आणखी खाली घातलं. मिस्त्रीनं पेटीचं झाकण उघडलं, तळाची फळी उचकटली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

"हे बघा. कॉक आहे इथं. बंद आहे."

"कसला कॉक?" कप्ताननं विचारलं.

"डिझेलचा. टाकीतून येणारं सगळं इथं अडतं. जुन्या माणसांची सवय असते, इंजिन थांबवलं की हाही बंद करायचा. गळायला नको म्हणून." मिस्त्री कण्हत कण्हत तो फिरवू लागला. "चांगलाच धरलाय. बाबांच्या नंतर कुणाचा हात लागलेला दिसत नाही."

कप्ताननं पेटीकडे पाहिलं. मग खुर्चीकडे. खुर्चीतून पेटीपर्यंतचं अंतर, हात लांब केला तर जेमतेम पुरेल, एवढंच होतं.

मामा पेटीवर परत बसले नाहीत.

"काय रे, कळलं का काय झालं होतं?" आईनं धक्क्यावरून विचारलं.

"काही नाही," कप्तान म्हणाला. "हवा धरली होती."

मिस्त्रीनं दोन-चारदा पंप दाबला आणि मान डोलावली. नवं इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. आई मामांचा हात धरून बोटीत उतरली आणि नवऱ्याच्या खुर्चीत बसली. खुर्चीच्या हातांवरून तिनं तळवे फिरवले.

"त्या मेल्या इंजिनाचं तोंड बघायला नको आता," ती म्हणाली. "चल रे, कप्तान."

कप्ताननं वेगाची दांडी पुढे ढकलली. दोर सोडायचा राहिला होता. ताडपत्रीखालची गाडी धक्क्यावरून घरंगळत आली, आणि जुनं इंजिन पाण्यात पडलं. ते तळाला टेकलं. दोर ताणला आणि बोट थांबली.