पांढऱ्या नमद्यापुढे

नारीन गावच्या मेदेर फोटोवाल्याच्या लेकीचं, बेर्मेतचं, लग्न ठरलं, त्या सालची ही गोष्ट. सासरी न्यायला तिला आईचा फोटो हवा होता.

मेदेरने रीतीप्रमाणे अंगणात पांढरा नमदा, लोकरीचा जाड गालिचा, टांगला आणि बायकोला, बुरुलला, त्याच्यापुढे बसवलं. फोटो धुतला, तर तिचा चेहरा काळा.

"साऱ्या गावाला उजळवता आणि माझंच तोंड काळं करता होय!" बुरुल हसली.

चूक त्याला कळली. मीटरने नमद्यावरचा उजेड मोजला होता, चेहऱ्यावरचा नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याने भिंग पुरतं उघडलं, शटर सावकाश केलं. नमदा पेटल्यासारखा पांढरा आला, तिचे हातसुद्धा पिठासारखे आले. चेहरा तेवढा काळाच राहिला.

मग भर दुपारी त्याने मीटर थेट तिच्या गालाजवळ धरला. काटा जागचा हलला नाही. स्वतःच्या तळहातावर धरला, तर पार टोकाला गेला.

"उजेड पुरतोय ना, अहो?"

"पुरतोय," तो कसाबसा म्हणाला.

"बाबा, एक आमच्या दोघींचा काढा की!" बेर्मेत धावत आली आणि आईच्या गालाला गाल लावून बसली.

"लांब हो तिच्यापासून!" मेदेर ओरडला. दोघी हसत सुटल्या.

त्याने मीटर लेकीकडे वळवला. काटा टोकाला होता. त्याच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू खाली येऊ लागला.

बुरुल पहिल्या बर्फात वारली, बेर्मेत वसंतातल्या नौरोज सणाच्या आदल्या दिवशी.