दिव्याला हरकत

नॉर्वेच्या उत्तर टोकावरचा दीडशे वर्षांचा दीपस्तंभ कायमचा बंद करायला केतकी हळदणकर आली, तेव्हा काम सोपं वाटत होतं. जहाजं आता आपली आपण वाट शोधत होती. दिव्याकडे बघणारं कुणी उरलं नव्हतं. फक्त नियमाप्रमाणे किनाऱ्यावरच्या सगळ्या रहिवाशांना नोटीस वाचून दाखवायची होती, आणि गेल्या वर्षापासून रहिवाशांत देवमासेही धरले जात.

तिने नोटीस वाचली. दुभाषी यंत्राने ती देवमाशांच्या बोलीत पाण्याखाली ऐकवली. पाच मिनिटांत उत्तर आलं.

"मॅडम, हरकत आहे," म्हातारा रखवालदार योहान हसू दाबत म्हणाला. "एक मादी म्हणते, दिवा बंद करायचा नाही."

"पण हे मासे तर आवाजावर वाट काढतात! दिवा कशाला हवा?"

योहानने यंत्राचा आवाज वाढवला.

"वाटेसाठी नाही हो, पोरांसाठी," देवमाशीण सांगत होती. "दिवसभर खाडीबाहेर हुंदडतात. दिवा लागला की मुकाट्याने घरी यायचं, हे माझ्या आजीपासून चालत आलंय. उद्यापासून त्यांना काय सांगू?"

केतकीला एकदम मालवणातली आपली आई आठवली. तिचाही नियम हाच होता.

बाहेर अंधारून आलं होतं. केतकीने कागदावर 'हरकत मान्य' असं लिहिलं आणि स्वतःच बटण दाबलं. प्रकाशाचा झोत पाण्यावरून फिरला.

लगेच यंत्रातून चार-पाच बारीक आवाज एकदम ओरडले, "आई, एकच डाव!"