गुणाजीची सुई

दवाखान्यातल्या खाटेच्या कडेची लोखंडी पट्टी पांढऱ्या रंगाने रंगवलेली होती. उजव्या हाताशी एका जागी तो रंग अंगठ्याएवढा उडाला होता आणि उघडं पडलेलं लोखंड घामाने तांबूस व्हायला लागलं होतं. कळ आली की गुणाजी तिथेच धरायचा. बकुळा त्याच्या तोंडाकडे बघत नसे, त्या अंगठ्याकडे बघे. आधी नख पांढरं पडायचं, मग कण्हणं ऐकू यायचं.

आता नख पांढरं पडलं.

मालन सिस्टर ट्रे घेऊन आली. उकळत्या पाण्यातून काढलेली काचेची सिरिंज, कळ मारणाऱ्या पेथिडीनची कुपी, स्पिरिटचा बोळा.

"गुणाजीकाका, आज तरी घ्या. पोटातली गाठ काढता येत नाही, पण एवढं दुखणं सोसायची काही गरज नाही."

"नको." कळ ओसरेपर्यंत तो थांबला. "वयनीनं सांगितलं तर घेईन. काय ते तिनं ठरवायचं."

सिस्टरने बकुळाकडे पाहिलं. बकुळाने तांब्या उचलला आणि पुन्हा त्याच जागी ठेवला. रोजच्यासारखीच सिस्टर ट्रे घेऊन परत गेली.

बकुळाचा नवरा जानू हा गुणाजीचा थोरला भाऊ. जयगडच्या दीपस्तंभापुढे समुद्रात जाळ्याच्या दोरात जानूचा पाय अडकला, तो पाण्यात ओढला गेला, होडी कलली आणि गुणाजीने कोयत्याने दोर तोडला. होडी वाचली, जानू बुडाला. पाय सोडवायला वेळ होता की नव्हता, हे गुणाजीलाच ठाऊक. साऱ्या वाडीला हे माहीत होतं आणि त्याने ते कधी नाकारलं नव्हतं. पुढे बकुळा प्रार्थनेला जायला लागली, तिच्यामागून तोही. पाळकांनी दोघांना एकाच दिवशी खाडीच्या पाण्यात बाप्तिस्मा दिला. बाहेर आल्यावर बकुळाने ओलं लुगडं पिळलं आणि त्याला मागे सोडून घरी गेली.

शेजारच्या खाटेवरच्या नवऱ्याला ठमाबाई पेज भरवत होती.

"काय गो बकुळे, तुमच्या देवाकडे सगळं फुकट मिळतं म्हणतात. मग हा बाबा घेत का नाय?"

"तू पेज भरव. सांडतेय बघ."

"सांडूदे. मी आपलं विचारलं. आमच्याकडे कसं, नवस बोलायचा नि फेडायचा. हिशेब सरळ."

गुणाजी डोळे मिटून होता, पण त्याने ऐकलं असावं. सकाळी पाळक येऊन गेले तेव्हाही हाच विषय निघाला होता. पाळक म्हणाले होते, "गुणाजी, तुझं जे भोगायचं होतं ते ख्रिस्ताने क्रुसावर भोगलं. आता तू कशासाठी भोगतोस?" गुणाजीने सांगितलं होतं, "त्यानं भोगलं ते पापाचं. जानूचं मलाच भोगायला हवं." पाळकांनी त्याला समजावलं, मग हात जोडून प्रार्थना केली. बकुळा खिडकीशी उभी होती. पाळकांचं म्हणणं खरं आहे हे तिला माहीत होतं. प्रार्थनेत इतर बायांना ते तिने स्वतः कितीदा सांगितलं होतं. 'आमेन' म्हणायची वेळ आली तेव्हा तिने नुसताच घसा साफ केला.

पुन्हा कळ आली. या वेळी ती ओसरेना. गुणाजीचे गुडघे पोटाशी आले, मानेच्या शिरा दोरासारख्या वर आल्या. ठमाबाईने हातातला चमचा खाली ठेवला आणि तोंड फिरवलं.

बकुळाने तोंड फिरवलं नाही. इथे आल्यापासून ती प्रत्येक कळ अशीच पाहत होती. कळ आली की तिला आत कुठेतरी निवल्यासारखं वाटे. सेवा करते म्हणून वाडीतले लोक तिचं कौतुक करायचे. ती त्याला पुसायची, कूस बदलून द्यायची, भांडं धरायची. आणि बघायची.

कळ उतरली तेव्हा गुणाजीच्या ओठातून रक्त येत होतं. बकुळाने पदराने ते टिपलं. त्याने डोळे उघडले.

"वयनी."

"काय?"

"पुरं झालं काय?"

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. समुद्रावर जाण्याआधी भरती कुठवर चढलीय ते विचारावं, तसा तो विचारत होता. आपल्याला दिसत नाही ते तिला दिसत असणार, अशी त्याची खात्री होती.

बकुळाने खरंच आत पाहिलं. जानूचं दुःख जिथे होतं तिथेच होतं, होतं तेवढंच. इतक्या कळांनी त्यातलं तसूभरही कमी झालेलं नव्हतं. हा माणूस असाच महिनाभर तळमळला तरी कमी होणार नव्हतं. मिळत होतं ते फक्त ते निवणं, आणि तेही कळ संपली की विझून जायचं. मग पुढच्या कळेची वाट पाहायची. आपण वाट पाहतो, हे तिला पहिल्यांदाच स्वच्छ दिसलं. तिला किळस आली. कुणाची, ते ती स्वतःलाही सांगू शकली नसती.

"सांग ना, वयनी. थोडं राह्यलं असंल तर..."

"गप राहा, भावोजी."

ती उठली. व्हरांड्याच्या टोकाला मालन सिस्टर ट्रेवर फडकं झाकत होती. बकुळा चालत तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. दोन्ही हात तिने पदरात घट्ट धरले होते.

"सिस्टर, सुई द्या त्यांना."

"ते घेतील?"

"मी सांगितलंय म्हणा." तिने एकदा मागे वळून खाटेकडे पाहिलं. "काही फिटलेलं नाही. तरी द्या."